‘हार्टफेल’ : उशिरा मिळालेल्या एका नांवाचा इतिहास

इंग्रजी भाषेंतून आपल्या बोलण्यांत शिरून घरचेच होऊन बसलेले जे अनेक शब्द आहेत, त्यांत ‘हार्टफेल’ हा एक होय. साताऱ्याच्या मंडईंत भाजी विकणारी बाई काय, किंवा सांगलीच्या हळदपेठेंतला हमाल काय, हा शब्द दोघेही सारख्याच सहजपणें उच्चारतात. आणि त्याचा अर्थ विचारला तर दोघेही एकच सांगतात : माणूस चालतां बोलतां, बसल्या जागीं गेला. परंतु ज्या वैद्यकशास्त्रांतून हा शब्द आला, त्या शास्त्रांत त्याचा हा अर्थ नाहीं. डॉक्टर ज्यास ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तें मरण नव्हे. तो एक रेंगाळणारा, वर्षानुवर्षें चालणारा आणि आज पुष्कळ अंशीं आवरतां येणारा रोग आहे. शब्द एक व अर्थ दोन, अशी स्थिति झाली म्हणजे केवळ भाषेचें नुकसान होतें असें नाहीं. या विशिष्ट शब्दाच्या बाबतींत माणसें गमावलीं जातात, असें मला वाटतें. आणि तें कसें, हें दाखविण्यासाठींच या रोगाचा व त्याच्या उपचारांचा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

लोकांच्या मनांतला अर्थ कोणता हें एका सर्वश्रुत उदाहरणानें स्पष्ट होईल. किराणा घराण्याचे अध्वर्यु खाँसाहेब अब्दुल करीमखाँ हे मिरजेचे रहिवासी. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, २७ तारखेस, ते दक्षिणेंत पाँडिचेरीकडे जात असतां आगगाडींत त्यांच्या छातींत अस्वस्थ वाटूं लागलें. सिंगपेरुमाळकोइल नांवाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, आणि तेथेंच त्यांनीं देह ठेविला. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे. गाणारा माणूस प्रवासाला निघतो काय आणि वाटेंतल्या फलाटावर त्याची इहयात्रा संपते काय! अशा मृत्यूला आपण ‘हार्टफेल’ म्हणतों. शास्त्राच्या दृष्टीनें हृदयाची रक्तवाहिनी एकाएकीं तुंबणें, किंवा हृदयाची गति एकाएकीं थांबणें, या गोष्टी निराळ्या आहेत. ज्या रोगाविषयीं मी लिहीत आहें, तो असा वाऱ्यासारखा येत नाहीं. तो पायरी पायरीनें येतो, आणि येतांना खुणा ठेवीत येतो.

त्या खुणा मीं प्रथम पाहिल्या त्या माझ्या आत्याच्या ठिकाणीं. ती साताऱ्यास मंगळवार पेठेंत राहत असे. नवरात्रांत अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या दर्शनाला जाण्याचा तिचा नेम होता, आणि तरुणपणीं ती चढण ती बोलत बोलत चढे, असें घरांतलीं माणसें सांगत. पुढें एका वर्षीं ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली. नंतरच्या वर्षीं ती गडाच्या पायथ्यालाही गेली नाहीं. त्यानंतर पेठेंतून पाण्याची कळशी आणतांना ती दोनदां टेकूं लागली. आणि शेवटीं शेवटीं तर माजघरांतून स्वयंपाकघरांत जाणें हाच तिचा गड झाला. रात्रीं तिला आडवें पडवत नसे. भिंतीशीं लोड ठेवून ती बसून झोंपे. मी आठ-नऊ वर्षांचा होतों. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, ‘‘आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं बघ.’’ तिचे पाय सुजत, आणि एके दिवशीं पायांतलीं जोडवीं इतकीं रुतलीं कीं सोनाराला घरीं बोलावून तीं कापून काढावीं लागलीं. सवाष्ण बाईच्या पायांतलीं जोडवीं काढावीं लागल्याचें तिच्या सासूबाईंना फार लागलें. परंतु तीं कां रुतलीं, हा प्रश्न कोणाच्याही मनांत आला नाहीं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं दमा ठरविला होता, आणि दम्याचें औषध चालू होतें. १९७९ सालच्या श्रावणांत ती गेली. तिचें वय अडतीस होतें. आळींतलीं माणसें जमलीं आणि हळहळून म्हणालीं, ‘‘हार्टफेल झालं.’’ जें नांव तिच्या दुखण्याला चार वर्षांपूर्वीं मिळावयास हवें होतें, तें तिच्या मरणाला मिळालें!

आतां हा रोग म्हणजे काय तें पाहूं. मुठीएवढें हें स्नायूचें यंत्र दिवसांतून सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें, आणि मिनिटाला सुमारें ५ लिटर या हिशेबानें दिवसाकांठीं सुमारें ७,००० लिटर रक्त पुढें लोटतें. कांहीं कारणानें त्याची लोटण्याची शक्ति कमी झाली, किंवा तें ताठर होऊन नीट भरेनासें झालें, म्हणजे दोन गोष्टी होतात. पुढच्या अवयवांना रक्त अपुरें पोंचतें, म्हणून थकवा येतो. आणि मागें रक्त तुंबतें, म्हणून फुप्फुसांत व पायांत पाणी साचतें. कृष्णाकांठच्या वाचकाला हें समजावयाला दूर जावयास नको. वाळवा-मिरजेकडच्या उसाच्या रानांत पाण्याचा निचरा होईनासा झाला म्हणजे काळीभोर जमीन पाणथळ होते, वर मिठाचा पांढरा थर येतो, आणि पीक पाण्यांत उभें राहून वाळतें. पाणी भरपूर, आणि तरी पिकाला मिळत नाहीं, अशी ती अवस्था होय. हृदय थकलेल्या माणसाच्या शरीराची अवस्था नेमकी हीच असते, आणि तिच्यांतही मिठाचा वांटा मोठा असतो, हें पुढें दिसून येईल.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या अवस्थेचे तुकडे बारकाईनें पाहिले होते. चरकसंहितेंत हृद्रोगाचे पांच प्रकार वर्णिले आहेत; श्वास, शोथ व उदर या विकारांना स्वतंत्र अध्याय दिले आहेत. परंतु चढण चढतांना लागणारी धाप, पायांवरची सूज व पोटांतलें पाणी हीं तीन एकाच मुळाचीं फळें असूं शकतात, ही जोड तेथें जुळविलेली नाहीं. जुळणार तरी कशी? रक्त शरीरांत फिरून पुन्हा हृदयांत येतें हें विल्यम हार्वेनें सिद्ध केलें तें १६२८ सालीं. तोंपर्यंत जगांतल्या कोणत्याच वैद्याला ती जोड नीट जुळविणें शक्य नव्हतें. तथापि अनुभव हा पुष्कळदां उपपत्तीच्या पुढें धांवतो. उदररोग्याचें मीठ व पाणी तोडून त्याला दुधावर ठेवावें, असा चरकाचा उपदेश आहे. १८६६ सालीं रशियाच्या राजधानींतील कारेल नांवाच्या वैद्यानें सुजलेल्या हृद्रोग्यांस थोड्या मोजक्या दुधावर ठेवण्याची पद्धति प्रसिद्ध केली, आणि ती पुढें कित्येक दशकें युरोपांत चालली. दुधांत मीठ थोडें असतें आणि मोजकें दूध म्हणजे मोजकें पाणी, हें त्या पथ्याचें मर्म. नदीकांठीं वाढणाऱ्या अर्जुनवृक्षाची साल दुधांत उकळून हृद्रोगावर द्यावी, असें अकराव्या शतकांत चक्रपाणिदत्तानें सांगितलें. त्या सालीवर अर्वाचीन काळांत प्रयोग झाले आहेत; परंतु तिनें आयुष्य वाढतें असें सिद्ध झालेलें नाहीं, हेंही येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पूर्वजांविषयींचा अभिमान रोग्याच्या जिवावर पोसतां येत नाहीं.

पश्चिमेकडे या रोगावरचें पहिलें खात्रीचें औषध सांपडलें तेंही एका म्हातारीच्या झोळींतून. विल्यम विदरिंग हा बर्मिंगहॅम येथें वैद्यकी करणारा गृहस्थ. श्रॉपशर परगण्यांतली एक बाई वीसएक पाल्यांचा काढा देऊन सूज उतरविते, असें त्याच्या कानीं आलें. त्या वीस पाल्यांतला खरा कामाचा पाला ‘फॉक्सग्लव्ह’ नांवाच्या जांभळ्या फुलांच्या झाडाचा असला पाहिजे, हें त्यानें ओळखलें. आणि दहा वर्षें रोग्यांवर त्याचा प्रयोग करून दीडशेंहून अधिक हकीकतींचा ग्रंथ १७८५ सालीं प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचा मोठेपणा असा कीं, त्यांत बरे झालेल्यांबरोबर न बरे झालेल्यांच्याही हकीकती दिल्या आहेत. त्याच सुमारास साताऱ्याच्या गादीवर धाकटे शाहूमहाराज नांवाचे धनी होते, आणि राज्याची सूत्रें पुण्यास नाना फडणिसांच्या हातीं होतीं. नांव एकाचें व बळ दुसऱ्याचें, असा तो काळ होता. विदरिंगच्या शास्त्राचेंही कांहींसें तसेंच झालें : औषध काम करी तें मुख्यतः हृदयावर, पण तें सूज उतरवितें म्हणून त्याचें श्रेय लघवी वाढविण्याच्या गुणाला मिळालें. डिजिटालिस या नांवानें तें औषध पुढें जगभर पसरलें, आणि १९३० सालीं त्यांतून डायगॉक्सिन हें शुद्ध द्रव्य वेगळें काढण्यांत आलें.

आपल्या कुंपणावरची कण्हेर, पिवळी कण्हेर आणि डोंगरउतारावरचा रानकांदा यांतही याच जातीचीं द्रव्यें आहेत. खेड्यापाड्यांत कण्हेर ठाऊक आहे ती विष म्हणून, आणि तें खरेंच आहे. कारण या द्रव्यांचें औषधी प्रमाण व मारक प्रमाण यांतलें अंतर फार थोडें असतें. विदरिंगचें खरें कार्य वनस्पति शोधण्यापेक्षां मात्रा ठरविण्यांत आहे. म्हणून कोणीही कण्हेरीचा घरगुती काढा करण्याच्या फंदांत पडूं नये. तो प्राण घेतो.

हें पाश्चात्त्य वैद्यक आपल्या भागांत खऱ्या अर्थानें रुजलें तें मिरजेस. विल्यम वॉनलेस हे कानडांत जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि १८९४ सालीं त्यांचें रुग्णालय मिरजेंत उघडलें. रेल्वेच्या सोयीमुळें दूरदूरचे रोगी तेथें येत. मोतीबिंदु आणि पोटाच्या शस्त्रक्रिया यांसाठीं मिरजेचें नांव सर्वतोमुखीं झालें. याच मिरजेंत पुढें १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. परंतु १८९४ सालीं जगांतल्या उत्तमांतल्या उत्तम रुग्णालयांतही थकलेल्या हृदयासाठीं होतें काय? डिजिटालिसचा अर्क, अंथरुणावरची विश्रांति, आणि सूज हाताबाहेर गेली तर पायांच्या कातडींत बारीक नळ्या खुपसून थेंब थेंब पाणी काढणें. पाणथळ रानांत चर खणण्यासारखाच तो उपाय होता. १९१९ सालीं व्हिएन्ना येथें आल्फ्रेड फोगल या विद्यार्थ्याच्या असें ध्यानांत आलें कीं, उपदंशासाठीं दिलेल्या पाऱ्याच्या एका सुईनें रोग्याला लघवी विलक्षण होते. तेव्हांपासून पाऱ्याच्या सुया आल्या. १९५७-५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइडची गोळी आली, आणि पुढच्या दशकांत फ्युरोसेमाइड. नळ्या गेल्या व गोळ्या आल्या. चर उत्तम झाले. परंतु बांध कां फुटतो हा प्रश्न उरलाच.

हृदय थकतें कां? या प्रश्नाचीं उत्तरें बहुतांशीं विसाव्या शतकांत मिळालीं. पहिलें कारण रक्तदाब. दाबलेल्या नळींतून वर्षानुवर्षें रक्त लोटतां लोटतां हृदयाच्या भिंती जाड होतात, आणि शेवटीं हार खातात. रक्तदाब मोजतां येऊं लागल्यानंतरही तो रोग आहे कीं वार्धक्याचा सोबती आहे, याविषयीं डॉक्टरांत एकवाक्यता नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना १९४४ सालच्या मार्च महिन्यांत तपासलें तेव्हां रक्तदाब फार वाढलेला होता व हृदय थकलेलें होतें. डिजिटालिस, विश्रांति व मिठाचें पथ्य यांपलीकडे जगांतल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखापुढें ठेवण्यासारखें डॉक्टरांजवळ कांहीं नव्हतें. १९४५ सालच्या एप्रिलमध्यें मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९४९ सालीं, मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो याविषयींचा आपला अनुभव इंग्लंडांतील हृद्रोगविषयक मासिकांत प्रसिद्ध केला. कलकत्त्याचे सेन व बोस यांनीं १९३१ सालीं त्या मुळीविषयीं लिहिलें होतें. परंतु पश्चिमेचें लक्ष तिकडे वेधलें तें वकिलांच्या लेखामुळें. १९५२ सालीं त्या मुळींतून रिसर्पीन हें द्रव्य निघालें, आणि १९५७ सालीं वकिलांना अमेरिकेंतला लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पीन आतां मागें पडलें आहे, कारण त्यानें मनाला उदासी येते. परंतु रक्तदाब गोळीनें उतरवितां येतो, हा विश्वास जगाला देण्यांत या मुळीचा वांटा मोठा आहे.

दुसरें कारण संधिज्वर, आणि हेंच माझ्या आत्याचें असावें. दहा-अकरा वर्षांची असतां तिचा घसा धरला, मग ताप येऊन गुडघे व घोटे सुजले, आणि महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती. सांधे बरे झाले. परंतु हा ताप सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असें वैद्यकांतलें जुनें मत आहे. हृदयाच्या झडपा त्यानें चिकटतात, व दहावीस वर्षांनीं त्याचें देणें फेडावें लागतें. दाट वस्तीच्या, गरिबीच्या घरांत हा रोग वाढतो. घशाच्या दुखण्यावर वेळीं पेनिसिलीन दिलें, आणि एकदां हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनीं वर्षानुवर्षें त्याची सुई दिली, तर झडपा वांचतात. पेनिसिलीन करणारा सरकारी कारखाना पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झाला. चिकटलेली झडप शस्त्रक्रियेनें मोकळी करण्याचें काम मुंबईस १९५० नंतरच्या दशकांतच सुरू झालें होतें. म्हणजे आत्याच्या रोगावर प्रतिबंध होता व उपायही होता, आणि साताऱ्याहून मुंबई एका रात्रीच्या वाटेवर होती. फक्त नांव चुकलें होतें.

तिसरें कारण आज सर्वांत पुढें आलें आहे : हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अरुंद होऊन स्नायूचा कांहीं भाग मरणें. त्याच्या पाठीशीं तंबाखू, मधुमेह, वाढलेलें वजन व बैठें जिणें हीं उभीं असतात. याशिवाय दारू, दीर्घकाळचा पंडुरोग, मूत्रपिंडाचे विकार आणि बाळंतपणाच्या आगेंमागें होणारा हृदयस्नायूचा विकार हींही कारणें आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांच्या जीवनाकडे पाहिलें तर यांतलीं कितीतरी कारणें दारांत उभीं दिसतात. उसाच्या पैशानें चालणें सुटलें. तंबाखूची चंची किंवा पुडी मात्र सुटली नाहीं. आणि लोणचें, पापड, खर्डा, सांडगे यांशिवाय आपलें ताट भरत नाहीं. यांतली एकेक वस्तु सोडण्याचा उपदेश करणें सोपें आहे. मी स्वतः खर्ड्यावर वाढलेला माणूस आहें, म्हणून तो कठीण कसा वाटतो हेंही जाणतों.

उपचारांच्या इतिहासांतला खरा कलाटणीचा प्रसंग घडला तो १९७० नंतर, आणि तो औषधांपेक्षां विचारांतला आहे. त्यापूर्वींची सर्व दृष्टि गाडीवानाची होती : बैल थकला, तर पराणी टोंचा. हृदयाला जोर आणणारीं नवनवीं औषधें निघालीं. त्यांनीं रोग्याला दोन दिवस हुशारी वाटे, आणि त्यांतल्या कित्येकांनीं तो लवकर मरे. मग शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें कीं, पराणी टोंचण्याचें काम शरीर स्वतःच करीत असतें. हृदय कमी रक्त लोटूं लागलें म्हणजे मूत्रपिंडांना वाटतें कीं शरीरांत दुष्काळ पडला. तीं मीठ व पाणी अडवून धरतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला आणखी जोरानें धांवावयास लावणारे रस रक्तांत सोडले जातात. रान पाणथळ झालें आहे, आणि पाटकरी मात्र दुष्काळ समजून दार उघडून बसला आहे! तेव्हां उपाय बैलाला टोंचण्याचा नव्हे, तर गाडींतलें ओझें उतरविण्याचा, हें हळूहळू स्पष्ट झालें.

ओझें उतरविणाऱ्या औषधांच्या जन्मकथा मोठ्या चमत्कारिक आहेत. ब्राझील देशांतील एका विषारी सापाच्या दंशानें माणसाचा रक्तदाब एकाएकीं कोसळतो. त्या विषाच्या अभ्यासांतून ज्या औषधाची वाट सांपडली तें कॅप्टोप्रिल १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि त्याच कुळांतल्या एनालाप्रिलनें अत्यवस्थ रोग्यांचे मृत्यु कमी होतात, हें १९८७ सालीं दिसून आलें. नागपंचमीच्या शिराळ्याजवळ राहणाऱ्या आम्हां लोकांना सापाविषयीं भीति व भक्ति दोन्ही परिचित आहेत. त्याच्या विषांत औषधाचें बीज असावें, याचें म्हणून फारसें नवल वाटूं नये. दुसरी कथा ‘बीटा-ब्लॉकर’ नांवाच्या औषधांची. तीं हृदयाचा वेग मंदावितात, म्हणून थकलेल्या हृदयाला तीं देणें हा गुन्हा समजला जाई. स्वीडनमधील वाग्स्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ सालीं तीं अल्प मात्रेंत देऊन रोगी सुधारल्याचें लिहिलें, तेव्हां त्यांवर विश्वास ठेवणारे थोडेच निघाले. १९९९ पर्यंत मोठमोठ्या चांचण्यांनीं त्यांचें म्हणणें खरें ठरविलें. त्याच १९९९ सालीं स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या गोळीचाही असाच गुण सिद्ध झाला. २०१९ सालीं मधुमेहासाठीं निघालेल्या डापाग्लिफ्लोझिन या औषधानें मधुमेह नसलेल्यांच्याही थकलेल्या हृदयाला आधार मिळतो असें दिसलें. त्या औषधाचें मूळ शोधीत गेलें तर १८३५ सालीं सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून काढलेल्या एका कडू द्रव्यापर्यंत जाऊन पोंचतें. आणि विदरिंगच्या डिजिटालिसचें काय झालें? १९९७ सालच्या एका मोठ्या चांचणींत असें ठरलें कीं, त्यानें मृत्यु टळत नाहींत, पण रुग्णालयाच्या खेपा कमी होतात. दोनशें वर्षांच्या सेवेनंतर त्याला मानाचें, पण मागचें आसन मिळालें.

औषधें हरतात तेथें यंत्रें व शस्त्रक्रिया आहेत. छातींत बसवितां येणारीं यंत्रें हृदयाची घातक बेताल गति मोडतात किंवा त्याच्या दोन्ही बाजूंचा ताल जुळवितात. बर्नार्डनें १९६७ सालच्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत पहिलें मानवी हृदयरोपण केलें, आणि अवघ्या अडीच महिन्यांत, १९६८ च्या फेब्रुवारींत, मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनीं तो प्रयोग केला. तो रोगी कांहीं तासांच्या आंत दगावला. देशांतलें पहिलें यशस्वी रोपण दिल्लीस १९९४ सालीं झालें. परंतु रोपण हा थोड्यांच्या भाग्याचा उपाय आहे. बहुतेकांचें आयुष्य गोळ्यांवर, पथ्यावर, आणि वेळेवर झालेल्या निदानावर अवलंबून असतें.

आणि येथें आपण पुन्हा नांवाकडे येतों. निदानाचीं साधनें आतां दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. १९५३ सालीं स्वीडनमध्यें एडलर व हर्ट्‌झ यांनीं ध्वनिलहरींनीं हृदय पाहण्याची युक्ति काढली. आज सातारा-सांगलीस त्या तपासणींत हृदयांत भरलेल्या रक्तापैकीं शेंकडा किती पुढें लोटलें जातें, हें अर्ध्या तासांत कळतें. निरोगी माणसांत तें प्रमाण शेंकडा ५५ च्या पुढें असतें. असें असूनही उशीर होतो. त्रिवेंद्रम येथें २०१३ सालीं या रोगानें रुग्णालयांत आलेल्या १,२०५ रोग्यांची नोंद ठेवण्यांत आली. त्यांचें सरासरी वय सुमारें ६१, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या रोग्यांहून सुमारें दहा वर्षें कमी होतें, आणि वर्षाच्या आंत दहांतले तीन रोगी वारले. हे रोगी फलाटावर एकाएकीं कोसळलेले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांना धाप, सूज व थकवा यांच्या पायऱ्या चढत चढत यावें लागलें असणार.

न्यूयॉर्क येथील हृद्रोगतज्ज्ञांच्या मंडळानें १९२८ सालीं या रोगाच्या चार पायऱ्या ठरविल्या, आणि त्या आजही चालू आहेत. पहिलींत नेहमींच्या श्रमांनीं कांहीं त्रास होत नाहीं. दुसरींत नेहमींच्या श्रमांनीं धाप लागते. तिसरींत त्याहून थोड्या श्रमांनींही लागते. चौथींत बसल्या जागींही चैन नसतें. ही वर्गवारी मीं प्रथम वाचली तेव्हां पुस्तक मिटून ठेवलें. अजिंक्यताऱ्याचा चढ, पेठेंतली कळशी, माजघराचा उंबरठा, आणि भिंतीशीं ठेवलेला लोड : आत्यानें त्या चारही पायऱ्या आमच्या डोळ्यांदेखत मोजून दाखविल्या होत्या. ज्यांनीं पाहावयाचें त्यांना त्यांचें नांव ठाऊक नव्हतें, इतकेंच. त्या डॉक्टरांना मी आज दोष देत नाहीं. धाप लागली म्हणजे दमा, हें समीकरण त्यांचें एकट्याचें नव्हतें, आम्हां सर्वांचें होतें. ‘हार्टफेल’ म्हणजे मृत्यु, अशी आमची समजूत होती. मग जिवंत माणसाला तो रोग असूं शकेल, हें सुचावें कोणाला?

माझे वडील बंधु सांगलीस असतात. रक्तदाब व मधुमेह दोन्ही पुष्कळ वर्षांचे. पांच वर्षांपूर्वीं त्यांच्या चपला संध्याकाळीं घट्ट होऊं लागल्या, आणि रात्रीं खोकल्यानें जाग येऊं लागली. वहिनींनीं तें सहज बोलतां बोलतां मला सांगितलें. मला जोडवीं आठवलीं. दुसऱ्याच दिवशीं आम्ही तपासणी करविली. शेंकडा ३० एवढेंच रक्त पुढें जात होतें. डॉक्टरांनीं चार प्रकारच्या गोळ्या लावून दिल्या, मीठ बेतानें खावयास सांगितलें, अंगदुखीच्या गोळ्या मनानें घेण्यास बंदी केली, आणि रोज सकाळीं वजन करून तें कॅलेंडरावर लिहावें असें बजावलें : दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलें तर तें मांस नव्हे, पाणी होय, तेव्हां लगेच यावें. बरें वाटूं लागलें म्हणून त्यांनीं एकदां गोळ्या सोडल्या होत्या. आठ दिवसांत रुग्णालय पाहावें लागलें, तेव्हांपासून सोडीत नाहींत. आतां रोज संध्याकाळीं ते आयर्विन पुलावर कृष्णेचें पाणी पाहत हळूहळू चालून येतात. हृदय त्यांचें अजूनही थकलेलेंच आहे. तें बंद पडलेलें नाहीं.

‘हार्टफेल’ या शब्दाची हकालपट्टी करावी असें मी म्हणत नाहीं. रूढ झालेला शब्द कोणाच्या सांगण्यानें जात नाहीं. ‘हृदयाचा थकवा’ असा साधा शब्दप्रयोग त्याच्या शेजारीं नांदूं लागला तर पुष्कळ होईल. कारण ‘फेल’ झालेल्याचें कोणी कांहीं करीत नाहीं. थकलेल्याला मात्र आपण हात देतों, त्याच्या डोक्यावरचें ओझें उतरून घेतों, आणि त्याला कधींपासून थकवा येतो, हें विचारतों. माझ्या आत्याला तेवढें विचारणारें कोणी भेटलें नाहीं. तीं कापलेलीं जोडवीं आमच्या घरीं देवांच्या डब्यांत अद्यापि आहेत.